हमरापूरहून एश्त्रेमोशला : मातीकामाच्या ओळखीवर युरोपची आडवाट

युरोपची सहल म्हटली की आपल्याकडे बेत ठरलेला असतो. पॅरिसचा मनोरा, स्वित्झर्लंडचा बर्फ, व्हेनिसच्या नावा आणि उरलेला युरोप बसच्या खिडकीतून. पेणजवळच्या हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गणेशमूर्तींच्या पट्ट्यातल्या माणसाने तसं जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. शाडू मळून, साच्यात दाबून, सांधे पुसून आणि आखणी करून ज्यांचे हात तयार झालेत, त्यांना युरोपातली आडगावं जितकी आपली वाटतील तितकी दुसऱ्या कोणाला वाटणार नाहीत. पोर्तुगालमध्ये, दक्षिण फ्रान्समध्ये, रुमानियात अशी गावं आहेत, जिथं पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या मूर्ती आणि भांडी होतात, आणि ऐन हंगामात घरातलं प्रत्येक माणूस कामाला लागतं. तिथल्या लोकांची मदत मिळवायला ओळखीचा वशिला लागत नाही. आपण काय काम करतो हे नीट सांगता आलं की पुरतं. ते कसं सांगायचं आणि त्याच्या आगेमागे काय काय करायचं, ते क्रमाने लिहितो. तयारी साधारण वर्षभर आधी सुरू करायची.

गाव निवडणे

एका फेरीत एक गाव, फार तर दोन. पाच गावं धरलीत तर पाच बसस्थानकं पाहून परत याल.

माझी पहिली शिफारस एश्त्रेमोश. पोर्तुगालच्या अलेंतेझू प्रांतातलं हे संगमरवराचं गाव. आसपासच्या खाणींतून इतका संगमरवर निघतो की साध्या घरांचे उंबरेही त्याचेच. पण गावाचं खरं नाव झालं ते ‘बोनेकुश’मुळे, म्हणजे वीतभर उंचीच्या मातीच्या रंगीत बाहुल्यांमुळे. ही परंपरा १७ व्या शतकापासूनची. संत, मेंढपाळ, शेतात राबणाऱ्या बाया, ख्रिस्तजन्माचा देखावा, आणि वसंत ऋतूची म्हणून डोक्यावर फुलांची कमान घेतलेली एक मूर्ती. घडवायची रीत आपल्या कारागिराला पाहताक्षणी समजेल. मातीचा गोळा, मातीची वळी आणि लाटलेली मातीची पोळी, एवढ्या तीन आकारांतून सगळं अंग उभं राहतं. मग भट्टी, मग रंग, आणि शेवटी वर बिनरंगी व्हार्निशचा हात. डिसेंबर २०१७ मध्ये युनेस्कोने या कलेला मानवी वारशाच्या यादीत घेतलं.

या गावाची गोष्ट हमरापूरला विशेष जवळची वाटावी अशी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही कला जवळजवळ बुडाली होती. १९३० च्या दशकात तिथल्या औद्योगिक शाळेचे संचालक, शिल्पकार जुझे मरिया द सा लेमोश यांनी आना दश पेलिश नावाच्या वृद्ध बाईंना गाठलं. जुनी पद्धत त्यांना ठाऊक होती. त्यांच्याकडून ती पुन्हा गावात रुजली. आज तिथं कारागिरांच्या छोट्या कार्यशाळा आहेत, नगरपालिकेचं संग्रहालय आहे आणि फक्त या मूर्तींसाठी वाहिलेलं माहिती केंद्रही आहे. मूर्तीला केंद्रस्थानी ठेवून गाव कसं उभं राहतं, हे तिथं बघायला मिळतं.

दुसरं गाव ओबान्य. फ्रान्समधल्या मार्सेयच्या पूर्वेला, लोकल गाडीने विसेक मिनिटांवर. इथं ‘सांतों’ होतात, म्हणजे नाताळच्या देखाव्यातली बोटभर ते वीतभर माणसं. पाववाला, मासळीवाली, मोळीवाला, गावचा मुखिया, सगळं गावच मातीत. मार्सेयच्या झां-लुई लान्येल याने अठराव्या शतकाच्या अखेरीस प्लास्टरच्या साच्यात या मूर्ती काढायला सुरुवात केली आणि गरिबाच्या घरातही देखावा मांडता येऊ लागला. मार्सेयचा सांतों-बाजार १८०३ पासून भरतो. दोन भागांचा साचा, त्यात दाबलेली माती, साचा उघडल्यावर सांध्याची निघालेली कड आणि ती कोरणीने साफ करणं. हे सगळं हमरापूरच्या कारखान्यात रोज चालतं. फरक मापाचा, आणि भट्टीचा.

तिसरं होरेझू, रुमानियाच्या व्हल्चा जिल्ह्यातलं. इथं मूर्ती होत नाहीत, ताटं-वाडगे होतात. तरी रंगकाम करणाऱ्या बायांनी हे गाव चुकवू नये. माती आणणं आणि चाकावर घडवणं पुरुषांचं, नक्षी बायांची, अशी तिथली जुनी वाटणी. रंग टाकायला गुराचं पोकळ शिंग, त्याच्या टोकाला हंसाच्या पिसाची नळी. रंग ओला असतानाच तारेचं टोक असलेली काडी त्यातून ओढायची, की कोळ्याच्या जाळ्यासारखी रेष फुटते. डोळ्याची आखणी करताना एका दमात रेष ओढणारी बाई ही काडी दोन मिनिटांत हातात मागून घेईल. या कामाला युनेस्कोची मान्यता २०१२ मध्ये मिळाली. गावाला लागून ओलारी नावाची कुंभारवस्ती आहे, आणि जवळच होरेझूचा मठ, जो १९९३ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

सिसिलीतलं काल्ताजिरोने आणि पोलंडमधलं बोलेस्वाव्येत्स हीही मातीची नामांकित गावं. पण बोलेस्वाव्येत्सचा मोठा उत्सव ऑगस्टात असतो, तेव्हा आपल्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. ती पुढच्या खेपेला.

वेळ जुळवणे

आपलं पंचांग आणि त्यांचं पंचांग शेजारी ठेवा. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, अनंत चतुर्दशी २५ ला, आणि दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे व्यापाऱ्यांचे हिशेब आटोपून पुढच्या वर्षाचं कच्चं काम जोर धरेपर्यंत ऑक्टोबर हाताशी राहतो. एश्त्रेमोशला तो उत्तम. अलेंतेझूचा उन्हाळा आपल्या वैशाखाच्या वर जातो, ऑक्टोबरात तो उतरलेला असतो आणि गर्दीही ओसरलेली असते. होरेझूलाही चालेल. थंडी असेल, स्वेटर न्या.

ओबान्यचा हिशेब मात्र वेगळा. नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळपर्यंत तिथल्या कारागिरांची तीच अवस्था असते जी आपली श्रावणात. दुकानं सजलेली, बाजार भरलेला, बघायला सुंदर. पण तुमच्याजवळ बसून बोलायला कोणालाही सवड नाही. नुसतं बघायचं असेल तर डिसेंबरात जा. शिकायचं आणि बोलायचं असेल तर माघी गणपती आटोपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये. ऐन हंगामात दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याचं काय करायचं हा प्रश्न आपल्यालाही पडतो, तेव्हा दुसऱ्यावर तो आणू नये.

पत्र लिहिणे

सगळ्या कृतीत महत्त्वाची पायरी ही. जायच्या चार-पाच महिने आधी, व्हिसाच्याही आधी, पत्र गेलं पाहिजे.

कोणाला लिहायचं? सुरुवात कारागिरापासून करू नका. आधी गावच्या पर्यटन कार्यालयाला आणि संग्रहालयाला लिहा. युरोपातल्या लहान गावांतही नगरपालिकेचं पर्यटन कार्यालय असतं आणि तिथल्या माणसांचं कामच पाहुण्याची गाठ घालून देणं हे असतं. कोणता कारागीर पाहुण्यांना येऊ देतो, कोणाला इंग्रजी येतं, कोणाची कार्यशाळा कोणत्या वारी बंद असते, हे त्यांना तोंडपाठ असतं. संग्रहालयाच्या माणसांना आपल्या कामात खरा रस वाटतो, कारण दुसऱ्या देशातला चालू मूर्तीचा धंदा त्यांनी सहसा पाहिलेला नसतो.

पत्र छोटं असावं. सहलीचं वर्णन नको, देशाची थोरवी नको. भाषांतराच्या अ‍ॅपवर त्यांच्या भाषेत करा आणि खाली इंग्रजी मजकूरही जोडा, म्हणजे भाषांतर कुठे घसरलं असेल तर त्यांना कळेल. मजकूर साधारण असा:

‘नमस्कार. मी महाराष्ट्रातल्या हमरापूर गावचा मूर्तिकार. आमच्या गावात आणि आसपासच्या गावांत शेकडो घरं गणपतीच्या मूर्ती करतात. आमची मूर्ती कच्च्या मातीची असते, भाजत नाही, कारण पूजा झाल्यावर ती पाण्यात विसर्जित करायची असते. तुमच्या गावच्या मूर्तींबद्दल वाचलं. मी १० ते १५ ऑक्टोबर तुमच्या गावात राहणार आहे. एखाद्या कारागिराने अर्धा दिवस आपल्या कार्यशाळेत बसू दिलं तर मला फार आवडेल. मी माझ्या कामाची चित्रफीत आणि एक लहान मूर्ती बरोबर आणेन. कार्यशाळेचं शुल्क असेल तर कृपया सांगावं. मला इंग्रजी थोडं येतं, फोनवर भाषांतर करता येतं.’

यात चार गोष्टी मुद्दाम आहेत. नेमक्या तारखा, नेमकी मागणी, बदल्यात काय आणणार ते, आणि पैसे द्यायची तयारी. ‘काहीतरी मदत करा’ असं लिहिलेल्या पत्राला उत्तर देणं अवघड असतं. ‘अर्धा दिवस बसू द्या’ याला हो किंवा नाही लगेच सांगता येतं. सोबत तीनच फोटो जोडा: साच्यातून नुकती निघालेली कच्ची मूर्ती, आखणी करणारा हात, आणि रांगेत सुकत ठेवलेला माल. मखरातला सजवलेला गणपती नंतर दाखवता येईल. कारागिराला आधी काम दिसलं पाहिजे.

पोर्तुगालला लिहिताना एक ओळ जरूर घाला. आपल्याच रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गाव आहे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमधून घडलेली बोली आजही घरात बोलली जाते. चौल-रेवदंडा १७४० मध्ये मराठ्यांकडे आलं, पण भाषा राहिली. पोर्तुगीज माणसाला हे सांगितलं की पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं.

दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा. तरीही नाही आलं तर फोन करा. दक्षिण युरोपातल्या छोट्या गावांत पत्रापेक्षा फोनला मान जास्त.

मराठी मंडळांचं काय? लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं, आणि त्यानंतर युरोपातल्या बहुतेक मोठ्या शहरांत मराठी माणसांनी मंडळं उभी केली. पेणच्या मूर्ती परदेशी पाठवणारा तुमचा व्यापारी यांतल्या काहींना नावाने ओळखत असतो, त्याच्याकडून ओळख घ्या. त्यांची मदत शहरात पोचल्यावरच्या पहिल्या-दुसऱ्या दिवसासाठी फार मोलाची असते. पण आडगावातलं दार त्यांच्याकडून उघडेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्यांनीही बहुधा ते गाव पाहिलेलं नसतं. लिस्बनमध्ये गोव्याच्या लोकांची ‘काझा द गोवा’ ही संस्था आहे. लुमियार भागात गुजराती समाजाचं राधाकृष्ण मंदिर आहे आणि तिथं शाकाहारी जेवण मिळतं. दोन्ही पत्ते टिपून ठेवा.

याखेरीज दोन वाटा. मार्सेय आणि प्रोव्हान्समध्ये ‘ग्रीटर्स’ नावाने स्वयंसेवक आहेत. स्वतःचं गाव पाहुण्याला दोन-तीन तास पायी फिरवून दाखवतात आणि पैसे घेत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये १९९२ मध्ये सुरू झालेली ही पद्धत आता बऱ्याच देशांत पसरली आहे. दुसरी ‘सर्व्हास’. १९४९ पासूनची ही संस्था सभासदांना एकमेकांच्या घरी दोन-तीन रात्री राहू देते. भारतातही तिची शाखा आहे, मुलाखत घेऊन सभासद करतात, म्हणून दोन्ही बाजूंना भरवसा राहतो.

पासपोर्ट आणि व्हिसा

पासपोर्टावरचं नाव आणि आधार, बँक, उद्यम नोंदणी यांवरचं नाव अक्षरशः सारखं करून घ्या. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायांनी हे आधी पाहावं. दहावी झालेली नसेल तर पासपोर्टावर ईसीआर असा शेरा येतो. त्याने बिचकू नका. तो ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे, युरोपात फिरायला जाताना त्याने काही अडत नाही. प्रवास संपल्यावर पासपोर्टाची मुदत किमान तीन महिने उरली पाहिजे, आणि दोन पानं कोरी हवीत.

पोर्तुगाल, फ्रान्स आणि १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे रुमानियासुद्धा, असे २९ देश शेंगेन व्हिसात येतात. एका व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथं मुक्काम सर्वांत जास्त. दोन्हीकडे सारखा असेल तर जिथं आधी उतरणार तिथं. जून २०२४ पासून मोठ्यांना शुल्क ९० युरो, ६ ते १२ वयाच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना काही नाही. अर्ज घेणाऱ्या केंद्राचा आकार वेगळा. आजारपणाचा खर्च धरणारा किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा सक्तीचा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान १५ दिवस आधी झाला पाहिजे. इथं आपल्या धंद्याची अडचण येते. ऑक्टोबरात जायचं तर १५ दिवसांच्या अटीने लोक सप्टेंबरात पळतात, आणि तेव्हा कारखाना सोडता येत नाही. म्हणून एप्रिलमध्येच कागद तयार करा आणि जूनच्या आत मुंबईला बोटांचे ठसे देऊन मोकळे व्हा. एक दिवस जातो. ते ठसे पुढची जवळजवळ पाच वर्षं चालतात.

मूर्तिकाराचा अर्ज अडतो तो बहुतेक बँकेच्या पुस्तकावर. आपली आवक वर्षभर सारखी नसते. मार्चमध्ये खात्यात काही नसतं, जूनपासून व्यापाऱ्यांचे आगाऊ पैसे येतात, गणपतीनंतर मोठी रक्कम जमा होते. महिन्याचा पगार पाहायची सवय असलेल्या अधिकाऱ्याला अशी एकदम आलेली रक्कम संशयास्पद दिसते. ती आधीच समजावून सांगा. अर्जासोबत एका पानाचं पत्र जोडा: धंदा हंगामी आहे, पैसे या महिन्यांत येतात, ही व्यापाऱ्यांची बिलं, हे मागच्या तीन वर्षांचे आयकर विवरण, ही उद्यम नोंदणी. रोखीने होणारा व्यवहार निदान त्या वर्षी खात्यातून करा. ग्रामपंचायतीचा दाखला मराठीत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर लावा. पुढच्या हंगामाच्या मागणीचा कागद तर लावाच, कारण तुम्ही परत येणार याचा त्याहून चांगला पुरावा नाही.

कार्यशाळेकडून आलेलं ‘या तारखांना या, स्वागत आहे’ असं दोन ओळींचं पत्र फाइलमध्ये ठेवा. मात्र राहण्याची हमी त्यांच्याकडून मागू नका. फ्रान्समध्ये घरी पाहुणा ठेवायचा तर यजमानाला नगरपालिकेतून रीतसर दाखला काढावा लागतो, पैसे भरून. जर्मनीत तर पाहुण्याच्या खर्चाची कायदेशीर जबाबदारी घ्यावी लागते. हे नातलग करतील. अनोळखी कारागिराला या फेऱ्यात पाडणं बरं नाही. गावातल्या साध्या अतिथिगृहात खोली घ्या. रुमानियात त्याला पेन्सियुने म्हणतात, बहुधा एखादी बाईच चालवते आणि सकाळचा नाश्ता घरचा असतो.

आणखी एक लक्षात ठेवा. हा व्हिसा फिरण्याचा आहे. तिथं बसून पैसे घेऊन काम करायचं नाही आणि मूर्ती विकायच्या नाहीत. कोणी ‘चार दिवस हात लावा, पैसे देतो’ म्हणालं तरी नाही म्हणा.

सामान

लहान मूर्ती एक, चार-पाच इंचांची, शाडूची, रंगवून पूर्ण झालेली. दुसरी तशीच, पण कच्ची, बिनरंगाची. कारागिराला दुसरीच जास्त बोलकी वाटेल. दोन्ही हातसामानात, जुन्या सुती कापडात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात. आपण माल भरताना पेंढा वापरतो, तो इथं नको. पेंढा, गवत, झाडपाला युरोपच्या विमानतळावर अडवतात. याच कारणाने शाडूची माती न्यायच्या भानगडीत पडू नका. हात चालवायला त्यांची माती मिळेल. आपल्या कोरण्या मोठ्या बॅगेत, आखणीचे दोन-तीन ब्रश हातात.

भेटीला पेणचे पोह्याचे पापड. यापेक्षा सोयीची वस्तू नाही. हलके, टिकाऊ, आणि त्यात दूध-मांस काही नाही. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे पेढे, खव्याचे मोदक, तूप घरीच ठेवा. तळून दाखवायची वेळ आली तर यजमानाच्या स्वयंपाकघरात शिरायचं निमित्त मिळतं, आणि तिथून पुढे परकेपणा उरत नाही. विमानाने येणाऱ्याला ४३० युरो किमतीपर्यंतच्या भेटवस्तू करमाफ असतात, तेवढ्यात हे सगळं आरामात बसतं.

फोनमध्ये तीन मिनिटांची चित्रफीत करून घ्या. माती मळणं, साचा भरणं, साचा उघडणं, सुकवण, रंग, आखणी, ट्रकमध्ये भरणं, आणि शेवटी विसर्जन. बोलणं नको, नुसतं काम. इंटरनेट नसतानाही चालेल अशी साठवा. भाषांतराच्या अ‍ॅपमध्येही पोर्तुगीज, फ्रेंच किंवा रुमानियन भाषा आधीच उतरवून ठेवा.

पोचल्यावर

एश्त्रेमोशला रेल्वे नाही. लिस्बनच्या सेत रियुश स्थानकातून एक्सप्रेस बस मिळते, दोन-अडीच तास. रविवारी गाड्या कमी, म्हणून शुक्रवारी पोचा. शनिवारी सकाळी गावच्या मोठ्या चौकात, रोसियूवर, आठवडी बाजार भरतो. भाज्या, चीज, कोंबड्या, जुनी मातीची भांडी. आपल्या आठवडी बाजारात वावरणाऱ्याला तिथं वाट विचारावी लागत नाही. त्याच दिवशी पर्यटन कार्यालयात जाऊन ‘मी आलो’ असं सांगा. ज्यांनी पत्राला उत्तर दिलं त्यांना प्रत्यक्ष भेटून आभार मानले की उरलेल्या दिवसांत गावभर त्यांचं लक्ष राहतं. होरेझूला बुखारेस्टहून रुम्निकू व्हल्चामार्गे बसने जायचं. ओबान्यला मार्सेयच्या सां-शार्ल स्थानकातून गाडी.

दुपारी दुकानं आणि कार्यशाळा बंद असतात. फ्रान्समध्ये बारा ते दोन, पोर्तुगालमध्ये साधारण एक ते तीन. त्या वेळी दार ठोठावू नका. आत शिरताना दुकानात एकच माणूस असो की गर्दी, आधी नमस्कार: पोर्तुगालात ‘बों दिया’, फ्रान्समध्ये ‘बोंझूर’, रुमानियात ‘बुना झीवा’. फ्रान्समध्ये तर हा शब्द न उच्चारता थेट प्रश्न विचारणं उद्धटपणाचं समजतात.

कार्यशाळेत पहिला तास नुसतं बघा. फोटो विचारून काढा, आणि साच्यांचे जवळून फोटो काढूच नका. एकाच्या मॉडेलवरून दुसऱ्याने साचा उतरवला की कारागिराच्या पोटात काय कालवतं, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. तेच तिथं आहे. मग आपली कच्ची मूर्ती खोक्यातून काढून त्यांच्या टेबलावर ठेवा. ते ती उचलतील, उलटी करतील, आतली पोकळी बघतील, भिंतीची जाडी अंगठ्याने चाचपतील. त्या दोन मिनिटांत जे बोलणं होतं त्याला भाषा लागत नाही. त्यानंतर मातीचा एक गोळा तुमच्या हातात येईल. काहीतरी करून दाखवा. उंदीर करा, उंदीर लवकर होतो.

एक प्रश्न हमखास येईल: एवढ्या मेहनतीची मूर्ती पाण्यात का सोडता? त्यांची मूर्ती भाजलेली, घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेली, दर नाताळला खोक्यातून बाहेर येणारी. त्यांना विसर्जन ऐकून धक्का बसतो. उत्तर घरून तयार करून न्या, तुमच्या शब्दांत. पार्थिव मूर्ती, प्राणप्रतिष्ठा, उत्तरपूजा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मातीपासून सुरुवात. हे अ‍ॅपमधून जाताना तुटक होतं, म्हणून छोट्या छोट्या वाक्यांत सांगा. आणि चित्रफितीतला विसर्जनाचा भाग त्याच वेळी दाखवा.

तुम्हीही विचारा. पर्यटन कार्यालयात मिळणारी माहिती नको, धंद्याचं विचारा. मूर्तीची किंमत कशी ठरवता? व्यापाऱ्याला किती देता, थेट किती विकता? मुलं या कामात येतात का? प्रत्येक मूर्तीवर करणाऱ्याची सही का असते? आपल्याकडे हमरापूरची कच्ची मूर्ती दुसऱ्या शहरात रंगते, तिसऱ्या शहरात विकली जाते, आणि घडवणाऱ्याचं नाव वाटेतच गळून पडतं. वीतभर मूर्तीवर नाव कोरून ती गावातच विकणाऱ्या माणसाकडून हे समजून घेण्यासारखं आहे, आणि प्रवासाचा खरा लाभ मला यातच वाटतो. शेवटी निदान एक मूर्ती विकत घ्या. घासाघीस करू नका.

जेवणाची फार चिंता नको. अलेंतेझूच्या स्वयंपाकात लसूण आणि कोथिंबीर सढळ असते. पाव, लसूण, कोथिंबीर आणि अंडं घातलेली असोर्दा आपल्या जिभेला लगेच रुचते. मासळी भरपूर. शाकाहारींनी रुमानियात ‘मुन्कारे दे पोस्त’ मागावं. तिथल्या चर्चच्या उपासांत मांस, अंडी, दूध वर्ज्य असतं, त्यामुळे तसं जेवण सगळ्यांना ठाऊक आहे. युरोपियन संघाच्या एका देशाचं सिम बाकीच्या देशांतही त्याच दराने चालतं. अडचण आली तर सगळीकडे ११२. रुमानियात युरो चालत नाही, लेउ चालतो.

उलट पाहुणचार

निघताना आमंत्रण द्या आणि ते तोंडदेखलं नको. ‘कधीही या’ म्हणण्यापेक्षा ‘फेब्रुवारी ते मे या काळात या’ असं सांगा. तेव्हा कच्चं काम आणि रंगकाम दोन्ही बघायला मिळतं आणि पाऊस नसतो. मुंबईहून यायचं तर दिवा किंवा पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी, जिते सोडलं की हमरापूर, पुढचं पेण. पॅसेंजर थांबते, एक्सप्रेस थांबत नाही, हे नकाशावर खूण करून पाठवा.

घरी ठेवणार असाल तर एक कायदेशीर काम विसरू नका. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत यजमानाने त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते, घर असो वा लॉज. पाहुण्याचा पासपोर्ट, व्हिसा आणि फोटो लागतो. नोंदणीचं खातं आधीच उघडून ठेवलं तर दहा मिनिटांचं काम. गावच्या पोलीस पाटलांनाही सांगून ठेवा.

आल्यावर त्यांना दोन-चार कारखाने दाखवायचा घाट घालू नका. एका जागी बसू द्या. कोरणी हातात द्या, शाडूचा गोळा द्या, आणि दुपारी घरी जेवायला न्या.